मंगळवारचं टेंगूळ

१

पोराच्या डोक्याला मार लागला की घरची माणसं दवाखान्यात येऊन नाना गोष्टी बोलतात. कसं पडलं, कुणाचं लक्ष नव्हतं, कुणी आधीच बजावलं होतं. आई मात्र एवढंच विचारते, वाचेल ना? चिंचवडच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की घोळक्यातली आई मला दारातूनच ओळखू यायची. त्या मंगळवारी मात्र माझी पंचाईत झाली, कारण तो प्रश्न मला दोघींनी विचारला.

पहिली गवराबाई. विशीतली, घामाघूम झालेली, वर्षाचं पोर छातीशी धरून थेरगावाहून पळत आलेली. तिच्यामागून तिची सासू तानाबाई आत घुसली. मंगळवारी आमच्याकडे देवी टोचत, त्यामुळे पोरांच्या रडण्यानं छप्पर उडायचं बाकी होतं. तानाबाईचा आवाज त्याच्याही वर चढला. "माज्या नातवाला मारलं वो! सवतीनं मारलं! डोस्कं फोडलं माज्या गेनूचं!"

दुसरी पायरीखाली उभी होती. पस्तिशीची, हडकुळी, पदराचं टोक दातांत धरलेली. तानाबाईनं तिला वर चढू दिलं नव्हतं. मी पाणी आणायला बाहेर गेले तर तिनं माझं मनगट पकडलं आणि पुटपुटली, "नर्सबाई, वाचंल न्हवं त्यो?" ही रतनबाई. घरातली थोरली सून, म्हणजे गवराबाईची सवत. तानाबाई जिच्या नावानं बोंब मारत होती ती हीच.

आमच्या डॉक्टर कौशल्याबाई आरडाओरड्यानं कधी बिथरत नसत. मी लगेच बिथरते, म्हणून आमचं दोघींचं जमायचं. त्यांनी गेनूला मांडीवर घेतलं. डोळ्यांवर बॅटरी धरून बाहुल्या सारख्या आहेत का पाहिलं, टाळूवर बोट ठेवलं, हातपाय हलवून पाहिले. ओकला का, गुंगीत राहतो का, अंगावर प्यायला का, असं गवराबाईला विचारलं. ओकला नव्हता, प्यायला होता, आणि आत्ता तर त्यानं बाईंच्या गळ्यातली नळी तोंडात घातली होती.

"मार वरवरचा आहे," बाई म्हणाल्या. "आज-उद्या जपा. ओकायला लागला किंवा उठवून उठेना, तर तडक घेऊन या. आता जखम नीट बघू द्या मला. इथले थोडे केस कापते."

"हात लावू नगा!" तानाबाई कडाडली. "जावळ काढलं न्हाई अजून त्येचं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतंय. कात्री लावाल तर बघा!"

मी तिला चार शब्द सुनावणार होते. बाईंनी डोळ्यांनीच मला दटावलं आणि तेलानं चपचपीत झालेलं जावळ फणीनं बाजूला केलं. डोक्याच्या मागच्या अंगाला, जरा वर, लिंबाएवढं टेंगूळ होतं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली.

"सुमन, इथं हात लाव."

मी लावला. नव्या सुजेखाली एक जुना, टणक उंचवटा होता आणि त्याला लागूनच तिसरा, विरत चाललेला.

"हे काही आजचंच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "या पोराला पुन्हा पुन्हा लागतंय. आणि दर वेळी त्याच जागी."

२

तानाबाईला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, म्हणून बाईंनी तिला आधी मनसोक्त बोलू दिलं.

"परवा थोरलीचा भाऊ येतोय देहूहून," तानाबाई म्हणाली. "मुरारीला सांगावा धाडलाय म्या. गाडी घिऊन यायचं आन् भनीला कायमची न्ह्यायची. ह्या लेकरावर तिची सावली बी पडू द्यायची न्हाई मला."

पायरीखाली रतनबाईला ते ऐकू गेलं. मारल्याचा आरोप तिनं निमूट सोसला होता. गेनूपासून लांब जायचं म्हटल्यावर मात्र ती मटकन खालीच बसली.

बाईंनी गवराबाईला आतल्या खोलीत नेलं. मी पट्टीचं सामान घेऊन मागोमाग गेले, कारण अशा वेळी मला बाहेर ठेवलं तर मला जेवण जात नाही.

"तुला काय वाटतं? रतनबाई मारते त्याला?"

गवराबाई पोराच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "आक्का मारंल आसं वाटत न्हाई बाई. माज्या परीस जास्त जीव हाय तिचा. रातचं बी तिच्याच कुशीत निजतोय त्यो. पर मंग मारतंय कोन?"

"आधी केव्हा लागलं होतं?"

"दोनदा. डोस्क्याला तेल लावताना मला घावलं. हळद लावली. दोनी बारीला मंगळवारच व्हता. देवीचा वार, म्हून ध्येनात ऱ्हायलं. मला वाटलं कोप झाला."

"आजही मंगळवार," मी म्हणाले.

"मंगळवारी घरात कोण असतं?"

"आत्याबाई सकाळपासनं देवळात. आमचं धनी पिंपरीला, त्या औशदाच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर. आदी मी असायची घरात. पर सुगी सुरू झाली तशी मी बी रानात जातिया." तिचा आवाज बारीक झाला. "घरला आक्का आन् गेनू. दोगंच."

मग तिनं रतनबाईची हकीकत सांगितली. रतनबाईला पहिला मुलगा झाला होता, बापू. पाच महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर कूस उजवेना, म्हणून बिरूचं दुसरं लग्न करून गवराबाईला आणलं. एका बायकोवर दुसरी करायची बंदी सरकारनं घातली त्याच्या आदल्या साली तानाबाईनं हे कार्य उरकून टाकलं होतं. गवराबाई तेव्हा परकरी पोर होती. रतनबाईनंच तिला लुगडं नेसायला शिकवलं.

ती माणसं गेल्यावर मी हात धुता धुता म्हणाले, "झालं की मग, बाई. स्वतःचं गेलं, सवतीचं खेळतंय, आणि मंगळवारी घरात तिसरं माणूस नाही. आणखी काय हवं?"

"चालायला लागलेलं पोर आपणहून पडलं तर कपाळावर पडतं, हनुवटीवर पडतं," बाई म्हणाल्या. "याच्या कपाळावर खरचटलेलंसुद्धा नाही. मारणारं माणूस पोराला आधी धरतं. दंडावर बोटं उठतात, गालावर, पाठीवर वळ असतात. ते काहीच नाही. रागानं उठलेला हात दर वेळी त्याच जागी कसा पडेल गं?"

"मग कुणाचं काम हे?"

"तेच बघायला परवा थेरगावला जायचंय. ती गाडी निघायच्या आत."

३

आम्ही टांग्यातून उतरलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती. रतनबाईचा भाऊ मुरारी जुवाजवळ उकिडवा बसला होता. घरातून हाकललेल्या बहिणीला न्यायला आलेल्या भावानं कुठं बघायचं? तो बिचारा बैलांच्या पायांकडे बघत होता. गाडीत एक बोचकं ठेवलेलं होतं. एवढंच सामान.

वाटेत मी एक नवा तर्क मांडला होता. गवराबाई दिसते तेवढी भोळी नसेल. सवत घरातून जावी म्हणून आईनंच पोराला टपली मारली आणि बोट दुसरीकडे दाखवलं, असंही असू शकतं. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मग जिला घालवायचंय तिलाच आक्का म्हणून, ती मारणार नाही असं तू सांगशील?" मला माझ्या हुशारीचा राग आला.

बिरू त्या दिवशी कामाचा खाडा करून घरी थांबला होता. दणकट गडी, सिमेंटनं हात भेगाळलेले. त्याला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "लपवायचं कशाला बाई? राग हाय मला. पोराच्या ढुंगनावर चापट मारली आसंल कदी. डोस्क्याला हात न्हाई लावला. आन् मंगळवारी मी उजाडायच्या आत घर सोडतोय." रतनबाई दारात उभी होती. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. "आईपुढं माजं काय चालत न्हाई," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला लाज वाटत होती.

तानाबाई चुलीपाशी पाटावर बसली होती. "तिनं आपलं पोर खाल्लं," ती म्हणाली, "आता दुसरीचं खायाला बसलीया. मला दुसरं काय म्हायत न्हाई."

"मंगळवारी काय काय असतं तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"देवीचा वार. निवद असतोय. निवदाला गिरणीचं पीठ चालत न्हाई, कुनाचं कुनाचं दळान येतंय तितं. घरच्या जात्यावरच काढायचं. माज्या सासूपासनं रीत हाय."

"दळतं कोण?"

"थोरलीच. दुसरं कोन दळनार?"

बाई उठून माजघरात गेल्या. खोली लांबट. मधोमध सगळं आढं पेलणारा सागवानी खांब, म्हणजे मेढ, आणि मेढीच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, तुळईला दोर बांधून लुगड्याची झोळी टांगलेली. झोळीच्या अलीकडे, मावळतीच्या भिंतीशी जातं. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, "गेनूला झोळीत घाला बघू. रोज घालता तसंच."

गवराबाईनं त्याला उचललं. पोर पडलं की आपल्याकडे बायका जमिनीला चापट्या मारतात, हात मेले, माझ्या बाळाला लागलं, म्हणून. पोर हसतं आणि तेच शिकतं. गेनूही शिकला होता. झोळीत उतरवता उतरवता तो बाजूला वाकला, चिमुकला हात उगारला आणि मेढीला एक चापट दिली. पुन्हा एक दिली. "हा! हा!" तो रागानं म्हणाला.

"झोळीत घालताना हल्ली आसंच करतोय," गवराबाई म्हणाली. "याड लागलंय."

"त्याला नाही लागलं," बाई म्हणाल्या. त्या मेढीपाशी वाकल्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

४

मेढ जुनी, खरबरीत, धुरानं काळवंडलेली होती. पण मांडीच्या उंचीवर तळहाताएवढी एक जागा गुळगुळीत होती आणि चमकत होती. बाईंनी तिथं बोट घासलं आणि वास घेतला. मग ते बोट माझ्या नाकाशी धरलं. खोबरेल. पोरांच्या टाळूवर घालतात ते.

"सुमन, हे एका वर्षाचं तेल नाही," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मलाच ऐकू आलं. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. लागायला नको होता असं आता वाटतं.

त्यांनी रतनबाईला आत बोलावून घेतलं आणि समोर बसवलं.

"तुमच्यावर आळ आलाय. तुम्ही एका शब्दानं नाही म्हणाला नाहीत. का?"

"म्हनून काय उपेग?" रतनबाईचं बोलणं अगदी सपाट होतं. "बापू गेला तवा लई बोलले, रडले, शपता घितल्या. कुनी आयकलं न्हाई. झोपंत आंगाखाली घितलं म्हनाले, हातातनं पाडलं म्हनाले. आयकून आयकून मला बी वाटाया लागलं, आसंल." तिनं डोळे पुसले. "बाई, मला हितं ठिवा. कोपऱ्यात ऱ्हाईन. शेनपानी करीन. सवत म्हनून नगं, मोलकरीन म्हनून ठिवा. पर गेनूला लांबून तरी बघू द्या."

मंगळवारी मी तिला अपराधी ठरवून मोकळी झाले होते. आता मी खिडकीकडे वळले.

बाई तिच्या पायांकडे बघत होत्या. "अंगठ्याला काय झालंय?"

उजव्या पायाच्या अंगठ्याला, मुळाशी, घट्ट अंगठी काढून ठेवल्यासारखी गोल खाच पडली होती. कातडी तिथं राठ झाली होती.

"दोरी वो," रतनबाई म्हणाली. "दळायचं तर दोनी हात जात्याला लागत्यात. पोराला झुलवनार कोन? झोळीची दोरी आंगठ्याला बांधायची. एक पाय दुमडायचा, दुसरा हालवायचा. दळान बी व्हतं आन् पोर बी निजतंय."

"ही दोरी फक्त मंगळवारी?"

"एरवी हातानंच झुलवतो की. बाजूला बसून."

"आणि निजताना डोकं कुठं असतं त्याचं?"

"उगवतीला. दुसरीकडं कुनी करतंय का?"

बाई उठल्या. मला वाटलं त्या आता सगळं सांगून टाकतील. पण त्यांनी दाराशी जाऊन बिरूला हाक मारली, "छपरावरचा एक तांबडा भोपळा काढून द्या. गेनूच्या डोक्याएवढा बघा."

५

सगळी माजघरात जमली. मुरारीसुद्धा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. बाईंनी गेनूच्या वजनाची ज्वारीची पिशवी झोळीत ठेवली आणि उगवतीच्या टोकाला भोपळा. भोपळ्यावर ओल्या पिठाचा हात फिरवला.

"रतनबाई, मंगळवारी दळता तसं दळायला बसा. आम्ही कुणी नाही असं समजा."

रतनबाईला काही कळत नव्हतं, पण ती सांगितलं ते करणारी बाई होती. तिनं मूठभर दाणे जात्यात टाकले, दोरीचा फास अंगठ्यात अडकवला आणि खुंटा धरला. जातं फिरू लागलं. त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तिचा पाय आपसूक हलत होता. दोरी ओढली जाई तशी झोळी तिच्याकडे येई, आणि ढिली सुटली की मागे जाई.

आम्ही बाजूला उभे होतो, म्हणून आम्हांला दिसलं. झोळी मागे गेली की तिचं उगवतीचं टोक मेढीवर आदळत होतं. दर वेळी नाही. पाय जरा जोरात हलला की मात्र नेमकं. लुगड्याच्या कापडातून आवाज फुटत नव्हता. जो काही होत होता तो जात्यात बुडून जात होता.

"आता पोर रडतंय असं समजा," बाई रतनबाईच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तुम्ही काय कराल?"

"झोपंला आलंय म्हनायचं, आन् जरा जोरात झुलवायचं," रतनबाई म्हणाली आणि तिनं तसं केलं. झोळी मेढीवर आदळली. पुन्हा आदळली. गवराबाईनं तोंडावर हात दाबला.

बाईंनी हातानं झोळी थांबवली. भोपळ्याच्या एका बाजूचं पीठ पुसून गेलं होतं. मेढीवर, त्या तेलकट चमकत्या जागेवर, कापडातून पाझरलेला पांढरा ओला डाग उमटला होता.

"हातानं झुलवताना तुम्ही बाजूला बसता, झोळी आडवी हलते, मेढीला लागत नाही," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "दोरीनं ओढली की ती जात्याकडे येते आणि सरळ मागे जाते. मागे मेढ, आणि मेढीकडे पोराचं डोकं. जात्याशी बसलेल्या बाईला झोळीच दिसते, झोळीपलीकडचं दिसत नाही. रडणं ऐकू आलंच तर ती आणखी झुलवते. सुगी लागली, गवराबाई मंगळवारची रानात जायला लागली आणि गेनू या दोरीच्या झोळीत आला. या पोराला कुणीही मारलेलं नाही. त्यानं स्वतः तुम्हांला दाखवलं होतं कुणी मारलं ते. मघाशी मेढीला चापट्या मारत होता तो उगाच नाही."

 मग बिरू एकदम मोठ्यानं हसला, हसता हसता डोळे पुसू लागला. "हात्तिच्या मारी! मेढ! आन् आमी घरची लक्ष्मी भाईर काढाया निघालो!" गवराबाई धावली आणि जात्याशी बसलेल्या रतनबाईच्या गळ्यात पडली. "आक्का, चुकले गं मी! गप बसले मी!" मुरारी बाहेर बोचकं आणायला गेला. मीही, मेलं कशाला खोटं बोलू, पदरानं डोळे टिपत होते. रहस्य सुटलं होतं, रतनबाई निर्दोष सुटली होती, पोर खेळत होतं. याहून चांगलं काय असतं?

फक्त रतनबाई हलली नव्हती. गवराबाई तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि ती तिच्या खांद्यावरून मेढीकडे बघत होती. अंगठ्यातला फास तिनं अजून काढला नव्हता.

६

"बाई," रतनबाईनं विचारलं, "पाच म्हैन्याच्या पोराची टाळू लई मऊ आसती न्हवं?"

बिरूचं हसू थांबलं.

"असते," कौशल्याबाई म्हणाल्या.

"बापू बी ह्याच झोळीत निजायचा. दोरी बी हीच. तवा घरात दुसरी सून नव्हती. मंगळवारी सकाळी दळाया बसले तवा रडत व्हता, मंग निजला. सांजच्याला ओकला. उठवला तर उठंना." ती अगदी हिशेबानं, एकामागून एक सांगत होती. "मी म्हनलं, निजू द्यावं."

"पाच महिन्यांची पोरं शंभर कारणांनी जातात, रतनबाई," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी मला ते सांगता येणार नाही."

मला सांगता येणार नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. ते त्या नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणत. आज त्या भोपळ्याकडे बघत होत्या.

रतनबाईनं फास सोडवला आणि उठली. गवराबाईनं गेनूला तिच्यापुढे धरलं. तो दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावला. तिनं आपले हात पदराखाली घेतले.

"नगं गवरे. माजा हात लागू दिऊ नगंस त्येला."

"आक्का, आसं का बोलतीस? तू काय मुद्दाम केलंस?"

ती अंगणात गेली. "दादा," ती मुरारीला म्हणाली, "बोचकं ठिव गाडीत. बैल जुप."

ज्या घरात राहण्यासाठी ती दोन घटकांपूर्वी मोलकरीण व्हायला तयार होती, त्या घरातून ती आता आपल्या पायानं निघाली होती. बिरू आडवा गेला, गवराबाईनं चाकाला मिठी मारली. रतनबाई गाडीत चढून बसली. मी कौशल्याबाईंचा दंड धरला आणि म्हणाले, "काहीतरी बोला ना!"  सगळं खरं तर त्याच बोलून बसल्या होत्या.

या गोंधळात तानाबाईचा आवाज नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी आत डोकावले. म्हातारी एकटीच मेढीपाशी बसली होती. त्या गुळगुळीत जागेवरून तिचा हात फिरत होता. माझी चाहूल लागली तशी तिनं लुगड्याचा काठ ओढून पाय झाकला, पण तेवढ्यात मी पाहिलं. तिच्याही उजव्या अंगठ्याला तशीच खाच होती, जुनी, बुजत आलेली.

ती उठली, भिंतीला धरून बाहेर आली. गाडीजवळ जाऊन तिनं दांडी पकडली. मला वाटलं, आता पुन्हा तोंड सुटणार.

"रतने, उतर खाली."

"जाऊ द्या आत्या. तुमीच म्हनत व्हता, खरं निगालं."

"दोरी तुला म्याच बांदाया शिकिवली," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज कुणाला ऐकू जाईल न जाईल असा होता. "मला माज्या सासूनं शिकिवली. बिरूच्या आदी माजी दोन गेली. ह्याच मेढीखाली निजायची. देवीनं न्हेली म्हनाले समदी, म्या बी तेच म्हनलं. कुनापाशी कदी नाव काडलं न्हाई." तिनं दांडी सोडली नाही. "ह्या लेकरांना ह्यातलं काय कळनार? तू गेलीस तर ह्या घरात मी कुनापाशी रडू?"

रतनबाई गाडीच्या साट्याला धरून बसून राहिली.  मग ती हळूहळू खाली उतरली आणि सासूसमोर उभी राहिली. दोघी एकमेकींना शिवल्या नाहीत.

"त्येंची नावं काय व्हती, आत्या?" तिनं विचारलं.

तानाबाईला आठवायला वेळ लागला नाही.

"पयलीचं सोनी," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ठेवायचं ऱ्हायलं."